लेखापरीक्षित अंडं

"बाबा, तू आमच्या वर्गाला विज्ञान शिकवणार आहेस," ही बातमी खारूने दिली तेव्हा ऑडिटरसाहेब आरशासमोर उभे होते आणि दाढीचं पातं नेमकं वरच्या ओठावर होतं. त्या अवस्थेत माणूस 'हो' म्हणू शकत नाही आणि 'नाही'ही म्हणू शकत नाही. फार तर डोळे मोठे करू शकतो. साहेबांनी डोळे मोठे केले. खारूने त्याचा अर्थ आनंद असा लावला आणि ती दप्तर घेऊन शाळेला निघाली. फेस पुसून साहेब दारात येईपर्यंत ती जिना उतरून गेली होती आणि जाता जाता खालच्या मावशींनाही सांगून गेली होती. एकदा मावशींना कळलेली गोष्ट मागे घेता येत नाही, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांना ऑफिसात, इमारतीत आणि बायको चिडली की घरातही 'ऑडिटरसाहेब' म्हणत. दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे हा त्यांचा धंदा, आणि तो अंगात इतका मुरला होता की घराला कुलूप लावलं की ते स्वतः ओढून बघत आणि मग बायकोला ओढायला सांगत. ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते तपासू नये, असं त्यांचं मत होतं. बायको मुकाट्याने कुलूप ओढायची. लग्नानंतर सुरुवातीला तिने याविषयी काही प्रश्न विचारले होते, पण त्यांची उत्तरं लांबलचक असायची.

संध्याकाळी सगळा उलगडा झाला. खारूच्या शाळेत 'पालक-तास' नावाचा प्रकार होता. दुसरीतल्या मुलांच्या आईबापांनी आळीपाळीने वर्गात यायचं आणि काहीतरी शिकवून जायचं. शिवणकाम करणाऱ्या एका आईने काज कसं करतात ते दाखवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकमेकांच्या छातीचे ठोके ऐकवले होते. त्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाने मधल्या सुट्टीत खारूला विचारलं, तुझे बाबा काय करतात? खारू म्हणाली, लोकांच्या चुका शोधतात. "मग त्यांच्या चुका कोण शोधतं?" असं तो म्हणाला. प्रश्न तसा रास्त होता, मोठमोठ्या संस्थांना पडतो. पण खारू भडकली. "माझ्या बाबांचं कधीच चुकत नाही," असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि हवं तर त्यांनाच बोलावते, येऊन बघा, असंही सांगून टाकलं. विज्ञानच का, तर फळ्यावर लिहिलेल्या विषयांत तेवढा एकच उरला होता.

साहेबांचा आणि विज्ञानाचा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. दोघांनीही पुन्हा एकमेकांची चौकशी केली नव्हती. पण "माझ्या बाबांचं कधीच चुकत नाही" हे वाक्य त्यांच्या मनात जाऊन बसलं. उभ्या नोकरीत वरिष्ठांनी त्यांना 'काटेकोर' म्हटलं होतं, हाताखालच्यांनी बरंच काही म्हटलं होतं, पण असं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला, आणि धास्तीही. पोरीने आपली सगळी पत बापावर लावली होती. वर्गात आपलं काही चुकलं तर ते एकट्या आपल्याला भोवणार नाही, मधल्या सुट्टीत तिला भोवेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

बातमी पसरल्यावर सल्ले यायला लागले. समोरच्या घरात पूलवाले काका राहत. जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर बांधायला काहीच न उरल्यामुळे सतत कुणाला तरी काहीतरी समजावत असलेले. ते म्हणाले, "मुलांना आधी घनता समजली पाहिजे. घनता पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाया कच्चा राहिला की वर काहीही उभारा, हलतंच." मग त्यांनी दुसरीच्या मुलांसाठी घनतेचा पाया कसा घालावा हे सांगायला सुरुवात केली, आणि साहेबांचा चहा दोनदा गार झाला. खालच्या मावशींचं मत वेगळं होतं. "लहान मुलांना शिकवायचं काय असतं? त्यांना गप्प बसवायचं असतं. एवढी मोठी बिस्किटं न्या. तोंडात बिस्किट असलं की मूल प्रश्न विचारत नाही." साहेबांना मावशींचा सल्ला मनातून पटला होता, पण तो विज्ञानात बसत नव्हता.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, टबात पाणी घ्या. एकेक वस्तू टाका. काय बुडतं, काय तरंगतं ते विचारा. मुलांना पाणी आवडतं, तास कधी संपला कळणारही नाही." बायको दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची, त्यामुळे घाबरलेल्या लहान मुलांचा तिला रोजचा अनुभव होता. कल्पना इतकी सोपी होती की साहेबांनी ती तिथल्या तिथे नापसंत केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी एक भलामोठा पारदर्शक टब आणला आणि आपल्याला एक कल्पना सुचली आहे असं बायकोला सांगितलं. बायको "छान आहे" म्हणाली. संसार टिकतात ते अशाच वाक्यांवर.

तपासणी न झालेली वस्तू घेऊन वर्गात जाणं साहेबांना शक्यच नव्हतं. न्हाणीघरात टब मांडला गेला, तो भरला गेला, आणि खारूला मदतनीस म्हणून बोलावण्यात आलं. खोडरबर, पेन्सिल, किल्ली, स्टीलची वाटी, बाटलीचं बूच, मेणबत्तीचा तुकडा. प्रत्येक वस्तू तीनदा पाण्यात टाकायची, तिन्ही वेळा सारखाच निकाल आला तर पुसून कोरडी करायची आणि तिच्यावर बरोबरची खूण करून खाली साहेबांनी आपली छोटी सही ठोकायची. किल्लीवर सही राहीना म्हणून तिला कागदाची चिठ्ठी बांधली. साबणाची वडी पहिल्या दिवशी बुडाली, दुसऱ्या दिवशीही बुडाली आणि तिसऱ्या दिवशी सापडलीच नाही, म्हणून तिला वगळलं. पूलवाले काका पाहणीला आले, पाण्याची पातळी बघायला वाकले, आणि त्यांचा चष्मा टबात पडला. तो बुडतो हे त्यामुळे विनासायास कळलं, पण काकांनी सही करू दिली नाही.

टब जागचा हलवायला साहेबांची सक्त मनाई होती. दोन वेगवेगळ्या ठिकाणी झालेली तपासणी ग्राह्य धरता येत नाही, असं ते म्हणत. त्यामुळे घरातली माणसं टबाशेजारच्या वीतभर जागेत अंग चोरून अंघोळ करायला लागली. पाणी सांडत राहिलं आणि मावशींच्या छताला ओल आली. इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून विचारलं, "राहत्या जागेत प्रयोगशाळा चालवायची तर कमिटीची परवानगी लागते. घेतली आहे का?" साहेबांनी असा प्रश्न दुसऱ्यांना हजारदा विचारला असेल. तो आपल्याला विचारला की कानामागे गरम होतं, हे त्यांना नव्यानेच कळलं. त्या दिवशी ते वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे बसून राहिले.

पण सगळ्या वस्तूंची राणी म्हणावी ती शेवटची, अंडं. चेंडू गोल असतो आणि तरंगतो. अंडंही गोलसर, हलकं, हातात धरायला भीती वाटावी असं. मुलं म्हणणार तरंगेल, आणि ते मात्र थेट तळाला जाऊन आडवं होणार. या क्षणाची साहेबांनी मनात अनेकदा उजळणी केली होती. कच्चं अंडं तीनदा टाकलं, तीनदा बुडालं. साहेबांनी ते टॉवेलने टिपलं, त्याच्या जाड टोकावर पेन्सिलने हळूच बरोबरची खूण केली आणि सही केली.

"हे आता फ्रिजमध्ये ठेव," ते बायकोला म्हणाले.

"अंघोळीच्या टबातलं अंडं माझ्या फ्रिजमध्ये येणार नाही," बायको म्हणाली, आणि या बाबतीत कुठलंही अपील नव्हतं. मग साहेबांनी घड्याळाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यात अंडं ठेवलं आणि डबी खिडकीजवळच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली. त्या वेळी सकाळच्या शाळेला खारू स्वेटर घालून जायची.

आता फक्त शाळेची परवानगी उरली होती. साहेबांना वाटलं, ही काय, औपचारिकता. शाळेच्या कारकुनाने त्यांचा अर्ज वाचला आणि परत केला. अर्जावरची तारीख आणि सहीखालची तारीख यांत एका दिवसाचा फरक होता. साहेबांनी अर्ज रात्री लिहिला होता आणि सकाळी सही केली होती. याच कारणावरून त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना आल्या पावली परत पाठवलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? दुसऱ्या खेपेला अर्ज मुख्याध्यापिकांपर्यंत गेला.

"पाणी किती असेल?" त्यांनी विचारलं.

"वीतभर, मॅडम."

"वीतभर म्हणजे कुणाची वीत?"

साहेबांनी आपला पंजा पसरून दाखवला. मुख्याध्यापिकांनी आपला पसरून पाहिला. दोन्हींत फरक निघाला, तेव्हा लहान वीत धरावी असं ठरलं. किल्ली ही टोकदार धातूची वस्तू असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा अर्ज हवा होता. अंडं फुटलं तर वर्ग कोण पुसणार, याची लेखी हमी हवी होती. साहेबांना त्या बाईंचा राग येईना. उलट ही बाई आपल्या ऑफिसात असती तर कुठल्या कुठे गेली असती असं त्यांना वाटलं.

दिवस ठरला, आणि त्याच दिवशी शाळेची वरून तपासणी निघाली. पुन्हा दिवस ठरला, तर शाळेची पाण्याची मोटर जळाली. वीतभर सोडा, चूळ भरायला पाणी नव्हतं. त्यानंतर वर्गात कांजिण्या आल्या आणि अर्धे बाक रिकामे झाले. त्यानंतर मुख्याध्यापिकांचा आवाज बसला, आणि पालक-तासाला त्या स्वतः हजर असल्या पाहिजेत असा नियम त्यांनीच केला होता. खारूचा स्वेटर धुऊन पेटीत गेला. घरात पंखे लागले. पुस्तकांच्या कपाटावर दुपारचं ऊन यायला लागलं. अंडं आपलं डबीत कापसात बसून होतं.

अखेर तारीख पक्की झाली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ते जुनं अंडं कशाला नेता? सकाळी दुकानातून एक नवीन आणते."

"नव्या अंड्याची तपासणी झालेली नाही," साहेब म्हणाले.

"अंडं ते अंडं. त्याला काय तपासायचं?"

"असं प्रत्येकजण म्हणतो," साहेब गंभीरपणे म्हणाले, "आणि मग घोटाळे होतात." सकाळी डबी उघडून त्यांनी सही जागेवर आहे याची खात्री केली. उचलताना अंडं हाताला जरा हलकं लागलं, पण हाताला काय लागतं यावर साहेबांनी आजवर कधी भिस्त ठेवली नव्हती. सही होती, तेवढं पुरे होतं.

रिकामा टब डोक्यावर धरून साहेब शाळेच्या रस्त्याने निघाले. टब पारदर्शक असल्यामुळे ओळखीचे सगळे लोक त्यांना आतून दिसत होते आणि साहेबही सगळ्यांना दिसत होते. खारू वस्तूंची पिशवी धरून शेजारी चालत होती. एरवी वाटेत तिची अखंड बडबड चालायची; आज ती एक शब्द बोलली नाही. घाबरली असेल, असं साहेबांना वाटलं, आणि त्यांनी तिला धीर दिला. "काळजी करू नकोस. सगळं तपासलेलं आहे." खारूने नुसती मान हलवली.

वर्गात मागच्या एका बुटक्या खुर्चीवर मुख्याध्यापिका अहवाल लिहायला बसल्या होत्या. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले होते, पण रुबाब तसाच होता. वर्गशिक्षिका खिडकीशी उभ्या होत्या. साहेबांनी भाषणाची सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं की पाठ केलेलं सगळं भाषण मोठ्या माणसांसाठी आहे. ते त्यांनी सोडून दिलं आणि खोडरबर वर धरलं.

"हे पाण्यात टाकलं तर काय होईल? घाई करू नका. नीट विचार करून..."

"बुडेल," वर्ग एका सुरात म्हणाला.

खोडरबर बुडालं. पेन्सिलीला वर्ग "तरंगेल" म्हणाला, ती तरंगली. किल्लीला "बुडेल" म्हणाला, ती चिठ्ठीसकट बुडाली. वाटी साहेबांनी नुसती उचलली होती, एवढ्यात वर्ग म्हणाला, "सरळ ठेवली तर तरंगेल, तिरकी केली तर बुडेल." ऑफिसात एखाद्या खात्याचे आकडे इतके बिनचूक जुळलेले दिसले असते तर साहेबांनी ताबडतोब कपाटाच्या किल्ल्या मागवल्या असत्या. पण स्तुती समोर आली की भल्याभल्यांचा संशय झोपी जातो. मुख्याध्यापिका लिहिता लिहिता "वा, वा" म्हणत होत्या. आपण शिकवायच्या आधीच मुलांना येतंय, याचा अर्थ आपल्यात काहीतरी आहे, असं साहेबांना वाटू लागलं होतं.

त्यांनी अंडं काढलं. "चेंडू गोल असतो. तो तरंगतो. अंडंही जवळजवळ गोल. मग आता काय होईल?"

"बुडेल," वर्ग म्हणाला. आश्चर्य वाटायला हवं होतं ते कुणालाच वाटलं नाही, आणि साहेबांना थोडं वाईट वाटलं. त्यांनी अंडं पाण्यात सोडलं.

अंडं थोडं खाली गेलं, थबकलं, आणि सावकाश वर आलं. बारीक टोक खाली, जाड टोक पाण्याबाहेर, असं ते उभं राहिलं. बाहेर आलेल्या टोकावर बरोबरची खूण होती आणि खाली साहेबांची सही होती.

"बुडालं," वर्ग म्हणाला.

साहेबांनी अंड्याकडे पाहिलं. मग मुलांकडे पाहिलं. सगळ्या मुलांचे डोळे त्या अंड्यावर होते. ते तरंगतंय हे त्यांना दिसत होतं आणि ते बुडालं असं ती म्हणत होती, अगदी मनापासून. मागे मुख्याध्यापिका मान वर न करता म्हणाल्या, "छान. अंडं बुडालं."

फक्त डॉक्टरीणबाईंचा मुलगा म्हणाला, "पण ते वर आहे."

"बुडालं ते," शेजारचा त्याला म्हणाला. "खारूने सांगितलंय ना अंडं बुडतं म्हणून. काल सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय तिने."

आता साहेबांना सगळं कळलं. पुढच्याच बाकावर खारू बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, आणि सगळ्या वर्गात ती एकटीच अंड्याकडे बघत नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती.

पुढे साहेबांनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं नाही. त्यांचा हात आपोआप पुढे झाला, आणि त्यांनी एक बोट अंड्यावर ठेवून ते खाली दाबलं. अंडं तळाला गेलं. कुणाचीच हरकत नव्हती. वर्ग खूश होता, अहवालात 'बुडालं' लिहून झालं होतं, मुलीची पत शाबूत होती. तास संपेपर्यंत नुसतं बोट तसंच ठेवायचं होतं. शर्टाची बाही मनगटापाशी भिजत होती आणि साहेब बोट ठेवून उभे होते.

त्यांच्या टेबलासमोर आजवर कितीतरी माणसं अशी उभी राहिली होती. बिल पुढे करायचं आणि नेमक्या तारखेवर अंगठा ठेवायचा. साहेब कधी आवाज चढवत नसत. "जरा बोट काढता का?" एवढंच म्हणत. तेव्हा त्या माणसांचे चेहरे कसे होत, हे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. कागद बघायच्या नादात चेहरे राहून गेले होते. आता तसा एक चेहरा आपल्या मानेवर आहे, हे त्यांना न बघताही समजत होतं. त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी बोट काढलं. अंडं चटकन वर आलं.

"मुलांनो," साहेब म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. पाण्याकडे बघा. आणि काल काय पाठ केलं ते विसरा. आता सांगा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पाठ केलेलं विसरणं मुलांनाही सोपं नसतं. मग एक चिमुरडी म्हणाली, "थोडंसं वर आहे."

"बरंच वर आहे," दुसरं कुणी म्हणालं.

"तरंगतंय."

"तरंगतंय," साहेब म्हणाले. "हेच अंडं घरी बुडालं होतं. मला वाटलं आजही बुडेल. माझं चुकलं. आणि का चुकलं ते मला माहीत नाही."

मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं. खारूने मान खाली घातली. पण वर्गाचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण समोरच्या मोठ्या माणसाला माहीत नाही म्हटल्यावर जो तो सांगायला पुढे आला. एक म्हणाला, त्याच्या पोटात पिल्लू झालं असेल. एकीला वाटलं, घरी तीनदा टाकल्यामुळे त्याला पोहायचा सराव झाला. एकाने तर स्पष्टच विचारलं, तुम्ही दुसरंच अंडं आणलं नसेल कशावरून? साहेबांनी त्याला सही दाखवली. त्या सहीचा इतक्या दिवसांत झालेला हा पहिला उपयोग होता.

"म्हणजे अंडं तेच," डॉक्टरीणबाईंचा मुलगा विचार करत म्हणाला. "पण घरचं पाणी वेगळं असेल."

"मग याच पाण्यात दुसरं अंडं टाकून बघू," ती चिमुरडी म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या बुटक्या खुर्चीतून मोठ्या कष्टाने उठल्या आणि शिपाईमामांना म्हणाल्या, "समोरच्या दुकानातून एक अंडं घेऊन या."

"मॅडम, अर्ज?" शिपाईमामा म्हणाले. बिचाऱ्यांना सवय लागली होती.

"अर्जाचं नंतर बघू. आधी अंडं आणा."

नवीन अंडं पाण्यात गेलं आणि सरळ तळाला जाऊन आडवं झालं. वरती साहेबांचं, खाली दुकानातलं. वर्गात असा गलका उठला की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाणी बदललं नव्हतं, अंडंच बदललं होतं. पण बाहेरून तर साहेबांचं अंडं जसंच्या तसं होतं, मग आत काय झालं होतं? हे आता सगळ्यांनाच बघायचं होतं, मुख्याध्यापिकांनासुद्धा. सगळी वरात अंगणात गेली आणि नळाजवळ एका जुन्या ताटलीत ते लेखापरीक्षित अंडं फोडण्यात आलं. जो वास सुटला त्याने अर्धा वर्ग आनंदाने ओरडत पांगला आणि नाकं धरून लगेच परत आला. जाड टोकाच्या कवचात, बरोबर सहीच्या मागे, चांगला चमचाभर रिकामा भाग होता.

"इथे काहीच नाही," एकजण म्हणाला.

"हवा आहे," दुसरा म्हणाला.

"पण कवच तर बंद होतं. हवा आत आली कुठून?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. "मला माहीत नाही," साहेब म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला ते बरंच सोपं गेलं. मुलं कवचाचे तुकडे उजेडात धरून भोकं शोधायला लागली. घंटा होऊन गेली होती, ती कुणी ऐकली नव्हती. निघताना मुख्याध्यापिकांनी अहवाल पुढे केला आणि विचारलं, "इथे मी 'बुडालं' लिहिलंय. काय करू?" साहेब म्हणाले, "खोडू नका. एक रेघ मारून शेजारी 'तरंगलं' लिहा, आणि सही करा."

परतीच्या वाटेला टब पुन्हा डोक्यावर होता. खारू शेजारून चालत होती, पिशवी गुडघ्यावर आपटत.  तिने सगळ्यांसमोर शब्द दिला होता आणि आपण तो सगळ्यांसमोर बुडवला, हे साहेबांना खात होतं.  शेवटी ते म्हणाले, "तू सगळ्यांना उत्तरं आधीच का सांगितलीस?"

"चुकू नये म्हणून."

"मुलांचं?"

"तुझं."

साहेब थांबले. टब उतरवून त्यांनी तो कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. "पण तूच म्हणाली होतीस ना, माझ्या बाबांचं कधीच चुकत नाही?"

"ते मी त्या मुलाला म्हणाले," खारू म्हणाली. "चुकतं की तुझं. परवा तू सगळ्या घरात चपला शोधल्यास आणि त्या तुझ्या पायातच होत्या. आईने पाहिलं, मी पाहिलं. आम्ही नाही सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

खारूने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. असल्या गोष्टी सांगायच्या असतात की नाही, याचा तिला अंदाज येत नसावा.

"तुझं चुकलं की तू नीट जेवत नाहीस," ती म्हणाली. "पेपरमागे बसतोस. मग आईपण जेवत नाही. मग घरात कुणी बोलतच नाही."

 आपण कधी चुकत नाही असं लेकीला वाटतं, आणि तिचा तो समज मोडू नये म्हणून आपण इतके दिवस जीव टाकतोय, असा साहेबांचा हिशेब होता. लेकीला सगळं माहीत होतं. घरातल्या दोघी मिळून कितीतरी दिवस त्यांच्या चुकांवर बोट ठेवून बसल्या होत्या, त्यांना दिसू नयेत म्हणून. एवढ्याशा मुलीने वर्गभर पोरांकडून अख्खा धडा घोकून घेतला, तो बापाची फजिती होऊ नये म्हणून नव्हे, तर रात्री त्याने जेवावं म्हणून. त्यांनी तिथेच भर रस्त्यात तिला जवळ घेतलं. टब भिंतीवरून घसरला आणि गडगडत उतारावरून गेला, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"आज माझं फारच मोठं चुकलं ना?" थोड्या वेळाने ते म्हणाले.

"हो," खारू त्यांच्या शर्टातूनच म्हणाली. मग तोंड बाहेर काढून तिने विचारलं, "आज जेवशील?"

"जेवेन. पोटभर जेवेन."

खारूने ते लगेच मान्य केलं नाही. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि म्हणाली, "बघू."